गप बसले म्हनून गेलेला कान

माझा डावा कान गेलाय. लोक म्हनत्यात, वयानं गेला. वयाचं काय न्हाय. एक डाव म्या गप बसले, म्हनून गेला.

नवरा वारल्यावर म्या उमरग्याकडं दगडाच्या खानीत खडी फोडायला जायचे. आमी सात बाया. दुपारच्याला मुकादम खडकात सुरुंग भरून शिट्टी मारायचा, की आमी हातोड्या टाकून टेकाडामागं बसायचो. अन् ओवी म्हनायचो, घसा फाटंस्तवर. म्हाताऱ्या बायांची रीत ती. का, ते त्यांलाबी ठावं नव्हतं. "तोंड चालू ठिवलं की कानाला धसका बसत न्हाय," येवढंच म्हनायच्या.

कानात बोटं घालावी तर माझी तान्ही लेक कडंवर. एका हातानं तिचं डोकं छातीशी दाबायचं, दुसऱ्या हाताचं बोट उजव्या कानात. डावा कान ओवीच्या भरवशावर.

मग नवा मुकादम आला. "ए बायांनो, लगीन हाय का इथं? तोंडं मिटा. मला सुरुंग मोजू द्या." त्याचंबी खरं व्हतं. एखादा न उडता तसाच राहिला अन् त्याच्यावर हातोडा पडला, तर मानूस गावत न्हाय. म्हनला, "जी तोंड उघडंल तिनं उद्या कामावर यायचं न्हाय."

घरात पीठ नव्हतं. म्या तोंड मिटलं. पैलाच सुरुंग लई जवळ उडला. कानात खिळा ठोकल्यागत झालं. दिसभर नुस्तं शीं वाजायलं, मग तेबी बंद झालं. लेक रडायली, ते एकाच बाजूनं ऐकू यायलं.

दुसऱ्या दिवशी शिट्टी झाली अन् म्या ओवी धरली. एकटीनंच. मुकादम पळत आला.

"सांगितलेलं कळत न्हाय का, बाई?"

"कळतंय. कामावरनं काढा. पन आज अजून एक कान हाय माझा. अन् कडंवरच्या हिचे दोन."

"मग मी मोजू कसं?"

"आमी मोजतो की. सुरुंग उडला की ओवी बदलायची. किती भरलेत?"

"सहा."

तवर समद्या बायांनी सूर लावला व्हता. धडाम झालं, दुसरी ओवी. धडाम, तिसरी. सहाव्या ओवीवर आमी अडकलो. ती संपली, परत म्हनली, सातवी काय येईना. मुकादम उठला. "झाले सहा. चला कामाला."

"पाचच झाले," म्या म्हनलं. "सहावी ओवी चालूच हाय अजून. म्या न्हाय उठत."

एकबी बाई उठली न्हाय. लई येळानं मुकादम एकटाच बघायला गेला. एका भोकात वात मधीच इझलेली. पाचव्याचाच टेकाडावर आपटून माघारी आलेला आवाज त्यानं सहावा म्हनून मोजला व्हता. आला तवा तोंड पांढरं. मला कामावरनं काढलं न्हाय. दुसऱ्या दिवशी शिट्टी मारून म्हनला, "चला, करा सुरू तुमचं लगीन."

आता लेकीनं मला कानाच्या डॉक्टरीनबाईकडं नेलं. बाईनं तपासलं अन् म्हनल्या, "मावशी, कानाच्या आत एक बारीक स्नायू असतो. मोठा आवाज आला की तो आतलं हाड आवळून धरतो. पण अचानक स्फोट झाला तर त्याला उशीर होतो. आपण स्वतः मोठ्यानं बोलत असलो, किंवा कुणी कानाशीच मोठ्यानं गात असलं, तर तो आधीच आवळलेला असतो."

"म्हंजी आमची ओवी खरी व्हती."

"थोडंफार वाचतं, सगळं नाही. कानात बोळे हवे होते."

"बोळं द्यायला कोन आलं व्हतं, बाई?"

त्या हसल्या. माझा उजवा कान अजून बरा हाय म्हनल्या. लेकीचे तर दोन्ही चोख हायत.

बाहिर आलो तर रस्त्यानं वरात यायली, म्होरं डीजे. छाती हादरायली. लेकीनं माझ्या कानावर हात ठिवला. म्या ओवी धरली.

"माय, गप ना. लोक बघायलेत."

"बघू दे," म्या म्हनलं. "गप बसून एक दिलाय. दुसरा देत नसते."