अर्नाळ्याला नेलेला अर्ज

नाशिकहून पहाटेच निघाले. वहीत कामं लिहिलेली: आगाशीत सुकेळी, अर्नाळ्याला सुके बोंबील आणि सुमितची अर्जावर सही. सुमित माझा भाचा, रॅपर. एकोणिसाव्या वर्षी त्याचं हिंदी गाणं सिनेमात गेलं आणि वर्षभर प्रत्येक वरातीत वाजलं. पुढची गाणी कोणी ऐकली नाहीत. मुंबईची खोली सोडून आता तो अर्नाळ्याला आत्याकडे राहतो. ताईने वसईच्या एका कारखान्यातल्या नोकरीचा अर्ज माझ्याकडे दिला, कारण तिचा फोन तो उचलत नाही.

विरारला रिक्षा केली. आगाशीत सुकेळी (वाळवलेली केळी) मिळाली. रिक्षावाल्याला सहज भाच्याचं नाव सांगितलं.

"माझ्या हळदीला त्याच्याच गाण्यावर नाचलो," तो म्हणाला. "आता काय करतो?"

मी बाहेरच्या बागा कसल्या, ते विचारलं.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बांबूंना दोऱ्या ताणलेल्या. आत्या आणि शेजारणी जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या टांगत होत्या. मी सावली बघून बसले ती नेमकी बोंबलांखाली. अर्जावर खारं पाणी ठिबकलं. सुमित जवळच बोंबील निवडत होता, त्याने तो पुसून दिला.

"मावशी, नवं गाणं ऐक. आपल्या बोलीत आहे. आत्याला नि या बायांना नाही आवडलं तर सही करतो."

त्याने सुरुवात केली तसे बायांचे हात ठेक्यात चालू लागले. मग भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला) होडी निघाल्याची ओळ आली आणि सगळे हात थांबले.

"भांगाला होडी कोन काढतं रे? तुझा बापूस?" आत्या म्हणाल्या.

बाया खळखळून हसल्या. बापूस, म्हणजे माझे भावोजी, जन्मभर बँकेत. सुमितने मान खाली घालून माझ्याकडे पेन मागितलं. माझं काम होत होतं, तरी पर्समध्ये पेन लवकर सापडू नये असं वाटलं.

आत्यांनी पुढची जोडी उचलली. भांगाला पाण्याला ओढ नसते, तेव्हा घरी बसून जाळी शिवायची, असं त्या सांगत होत्या. "भांग हाय म्हनून दर्या आटला का? उधानाला जायाचं."

पेन हातात येताच सुमितने अर्ज उलटा केला आणि आत्यांचं बोलणं तसंच लिहून घेतलं. पुन्हा म्हटलं तेव्हा हात थांबले नाहीत. शेवटची ओळ तर बायाच म्हणत होत्या.

कालवण-भाकरी जेवून, बोंबील बांधून घेऊन निघाले. घरी वही उघडून दोन कामांवर काट मारली आणि ताईला फोन केला. म्हटलं, अर्ज त्याने भरलाय, पण मागच्या बाजूने. तो त्याच्याकडेच ठेवून आले. पेनही.