नव्या मोहाची चाखणी

एप्रिलचा पहिला सोमवार, धानोरा. हजर तिघी: मी, आमच्या बचत गटातल्या सत्तरीच्या आजी आणि कॉलेज आटोपून गटात नुकतीच आलेली एक पोरगी. मोहफुलं भाजल्याचा वास आला की हाच दिवस आठवतो. मोहाच्या लाडूंची पहिली मोठी ऑर्डर संध्याकाळच्या बसने नागपूरला जायची होती, आणि भाजलेलं फूल आजींनी चाखल्याशिवाय लाडू वळायचे नाहीत, अशी आमची रीत होती. आजींनी मात्र तोंडाला पदर लावला. फुलं शेजारच्या, पोरीच्या गावची होती, तिथला पंडुम झाला होता. आजींच्या गावात नव्या फुलांची ती पूजा व्हायची होती आणि तोवर त्या नवा मोह खाणार नव्हत्या. "मंग मी चाखतो ना, आजी," पोरगी म्हणाली. आजींचा चेहरा उतरला. "चाख. उद्यापासून मले काऊन बोलावता मंग?" मी आजींचा पाट पोरीशेजारी सरकवला. म्हटलं, "ती चाखेल, तुम्ही विचारा." पोरीने फूल तोंडात टाकलं. "घशात खवखवते का?" आजींनी विचारलं. "थोडंसं." "कच्चं हाय. अजून भाज." थोड्या वेळाने पोरीने पुन्हा चाखलं. "आता मनुक्यावानी लागून राह्यलं, आजी." आजी हसल्या. "जीभ तं हाय तुले!" आम्ही लाडू वळायला घेतले. आता आजी थकल्या आहेत, पोरीच्या मागे गटाचा सगळा कारभार आहे. त्या दोघींजवळ बसून शिकेल अशी तिसरी चाखणारी शोधायचं काम माझ्याकडे आहे. ते अजून व्हायचं आहे.