हंसाबेनच्या दुकानातला धूर

न्यूझीलंडला जायचं मी रागाच्या भरात ठरवलं. आमच्या सोसायटीत एक सायकल चोरीला गेली आणि लगेच सभेत ठराव आला, की मागचं फाटक कायमचं बंद करायचं. त्या फाटकातून कामाच्या बायका येतात, इस्त्रीवाला येतो, फुलपुडीवाली येते. मी विरोधात बोलले, तर सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुम्हाला सुरक्षेचं गांभीर्य नाही." सारा जन्म मी सरकारच्या नियोजन खात्यात विकासाचे अहवाल लिहिले. तिथेही सुरक्षा हा शब्द दुसऱ्या खात्याचा, म्हणून आम्ही वापरायचो नाही. घरी आल्याआल्या मी भाचीला, केतकीला, फोन लावला. "व्हिसाचं बघ. महिनाभर सुरक्षित देशात राहायचंय."

"मावशी, इथे वारा फार असतो."

"चालेल. वारा ठराव मांडत नाही."

जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. विमानतळावरच्या फॉर्मवर खाण्याच्या वस्तूंपुढे 'हो' लिहा, लाजू नका. लपवलंत तर भरभक्कम दंड होतो. माझा गोडा मसाला हुंगून तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, हा कशात घालतात. मी म्हटलं, सगळ्यात. त्याने पुन्हा एकदा हुंगला आणि नाइलाजाने परत दिला.

केतकी लोअर हटला राहते. वेलिंग्टनहून ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटं. उजव्या हाताची खिडकी पकडा, समुद्र जवळजवळ मांडीवर येतो. पहिल्या दिवशी मी टोपी घालून फिरायला निघाले, ती दुसऱ्या मिनिटाला समुद्रात गेली. दुसऱ्या दिवशी स्कार्फ गेला. तिसऱ्या दिवसापासून मी बोडक्या डोक्याने, केस पिंजारून, शाळकरी मुलीसारखी हिंडू लागले. आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या सिस्टर प्रिन्सिपलने पाहिलं असतं तर बाकावर उभं केलं असतं.

शनिवारी केतकी मला रिमुटाकाच्या घाटापलीकडे घेऊन गेली. घाट वळणांचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी आवळासुपारी जवळ ठेवावी. पलीकडे सपाट हिरवं माळरान, मेंढ्या, आणि रस्त्याकडेला एक टेबल. टेबलावर लिंबं, अंडी आणि पत्र्याचा डबा. माणूस नाही. पैसे डब्यात टाकायचे आणि आपापलं उचलायचं.

"कॅमेरा कुठेय?" मी विचारलं.

"नाहीये."

"मग डबाच उचलून नेला तर?"

"मावशी, तुला न्यायचाय का?"

मी लिंबं घेतली, पैसे जरा जास्तच टाकले आणि घरी येईपर्यंत हवेत होते. सेक्रेटरींना लिंबाचा फोटोही पाठवला. खाली लिहिलं, 'फाटक नाही.'

सोमवारी केतकी ऑफिसला गेली आणि मी दूध आणायला कोपऱ्यावरच्या डेअरीत गेले. इथे डेअरी म्हणजे दूध, पाव, पेपर, सिगारेटी असं सगळं विकणारं लहानसं दुकान. दारापुढे माझ्या कमरेएवढे लोखंडी खांब रोवलेले, काचेला आतून गज. शेजारच्या न्हाव्याचं आणि बेकरीचं शटर कायमचं ओढलेलं. माझी लिंबं तिथल्या तिथे आंबली.

मालकीण हंसाबेन. मुलुंडला वाढलेल्या, त्यामुळे मराठी फर्डं. मला पाहून म्हणाल्या, "पुण्याच्या ना? दुधाची तारीख तीनदा वाचलीत." आमचं तिथेच जमलं.

त्यांनीच सांगितलं. गेल्या हिवाळ्यात एका पहाटे चोरीची गाडी उलटी आणून काचेत घातली, सिगारेटी लुटल्या. गाडीत सगळी पंधरा-सोळा वर्षांची पोरं. त्यानंतर न्हावी घाबरून गेला, मग बेकरी गेली. आता म्हाताऱ्या माणसांना ब्रेडसाठी गाडी काढावी लागते. एवढ्या तालुक्यांचे विकास आराखडे मी तपासले, पण एका फुटलेल्या काचेने आख्खा रस्ता असा मागे जातो, हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.

"शुक्रवारी जाळीवाला येणार," हंसाबेन म्हणाल्या. "गल्ल्यापुढे छतापर्यंत. पैसे फटीतून घ्यायचे, वस्तू फटीतून द्यायची. मुलगा म्हणतो, जाळी नको तर दुकान बंद कर."

"मग?"

"हे बघा ना." त्यांनी गल्ल्यावरच्या काचेच्या बरण्या दाखवल्या. शाळा सुटली की मुलं येतात आणि एकेक लॉली, म्हणजे गोळी, बोट दाखवून निवडतात. दोन लाल, एक जेलीचा साप, तो नको, त्याच्याखालचा. "जाळीतून बोट कसं दाखवणार? मग बांधलेली पाकिटं विकायची. त्यासाठी सुपरमार्केट आहे की. ताई, मी आत आणि सगळे बाहेर, असं मला नाही बसवत. पण पहाटे आवाज झाला तर उठून दाराची कडी पुन्हा तपासते, ते पण खरं."

शुक्रवारपर्यंत ठरवायचं होतं. मी रोज जाऊ लागले. सल्ला देत होते असं मला वाटायचं. खरं म्हणजे चहा पीत होते.

बुधवारी दुपारी मागच्या दारी दुधाची गाडी आली. हंसाबेन म्हणाल्या, "दोन मिनिटं गल्ल्यावर उभ्या राहा. कशाला हात लावू नका." आता कोणी मला असं सांगावं आणि समोर कळकट गल्ला असावा. मी ओलं फडकं घेतलं. वरचं पुसलं, बरण्यांखालचं पुसलं, मग वाकून खालची बाजू. तिथे एक बटण होतं, चिकट. ते मी अंगठ्याने दाबून, नीट गोल फिरवून पुसलं.

छताजवळच्या पेटीतून फुस्स झालं आणि दुकान नाहीसं झालं. चोराला काही दिसू नये म्हणून बसवलेलं ते धुराचं यंत्र. इतका दाट पांढरा धूर, की हातातलं फडकं दिसेना. वर भोंगा. मी जागेवरून न हलता येशूपासून गणपतीपर्यंत सगळ्यांना हाका मारल्या.

आणि मग बाहेरून आवाज आले. "हंसा! हंसा!" समोरच्या घरातली मेले नावाची बसड्रायव्हर, मूळची सामोआ बेटांवरची, धुरात शिरली. तिच्या हातात फावडं होतं, ते मला नंतर कळलं. तिने मला काखोटीला मारलं आणि फूटपाथवर आणून ठेवलं. "यू ओके, आंटी?" मागून आणखी एक शेजारी, ग्रॅहम, ऐंशीच्या घरातले, पोहण्याच्या चड्डीवर, पायात स्लिपर, हातात क्रिकेटची बॅट. एक आई कडेवर मूल आणि हातात लाटणं असल्यासारखा झाडू घेऊन. मागच्या दाराने हंसाबेन धावत आल्या आणि बघतच राहिल्या.

धूर ओसरला. चोर कुठेय, ग्रॅहमनी विचारलं. मी ओलं फडकं वर धरलं.

पहिली हसली मेले, फावड्यावर रेलून. मग सगळेच. हंसाबेन तर खांबाला धरून खाली बसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. "चोरी झाली त्या पहाटे कोणी आलं नव्हतं," त्या मला मराठीत म्हणाल्या. "मला वाटलं, कोणी येतच नाही."

"पहाटे आम्ही झोपलो होतो," मेले इंग्रजीत म्हणाली. भाषांतर कोणी केलं नव्हतं, तिला चेहऱ्यावरूनच कळलं. "तुझ्याकडे आमचा फोन नंबर तरी आहे का?"

नव्हता. तीन वर्षं समोरासमोर राहून नव्हता. तिथेच दुधाच्या खोक्यावर सगळ्यांचे नंबर लिहिले गेले. मेलेने हेही सांगितलं, की काच फोडणाऱ्या त्या पोरांपैकी एकाची आई तिच्या चर्चमध्ये येते, लाजेने शेवटच्या बाकावर बसते. हंसाबेननी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "तिला म्हणावं, दुकानात ये."

शुक्रवारी जाळीवाला आला. हंसाबेननी त्याला सिगारेटींच्या कपाटापुढे उभं केलं. "ह्याला बसव. मला नको." बटणाशेजारी त्यांनी एक चिठ्ठी डकवली आहे, फक्त मराठीत: 'येथे पुसू नये.' निरोप देताना माझ्यासाठी लॉलींची भलीमोठी पुडी बांधली. एकेक मी बोट दाखवून निवडली.

परत येऊन आठवडा झाला. मागच्या फाटकाला कुलूप लागलंय, त्यावर माझं भांडण चालू आहे. पण काल दुपारी माझ्या दाराच्या तीन कड्या लावता लावता मनात आलं, इथे धूर झाला तर फावडं घेऊन कोण येईल? समोरच्या फ्लॅटमध्ये अकरा वर्षं कोण राहतं, मला नाव माहीत नव्हतं. पुडी घेतली आणि त्यांची बेल वाजवली.

लाकडी दार उघडलं, जाळीचं नाही. आतून एक बाई, माझ्याच वयाच्या. "काय हवंय?"

"काही नको. मी समोरची. न्यूझीलंडहून गोळ्या आणल्यात."

त्यांनी आतून जाळीला हात लावला, मी बाहेरून पुडी टेकवली. पुडी जाड, भोकं लहान. आम्ही दोघी क्षणभर तिच्याकडे बघत राहिलो.

मग त्यांनी कडी काढली.