गिरणीवर ऐकलेला शब्द

ज्वारीचा डबा त्यानं पायानं ढकलला. झाकण उडालं. अर्धी ज्वारी पायरीवर सांडली.

गिरणीवाल्याचा पोरगा. माझ्याहून वीस वर्षांनी लहान. म्हणाला, "दळण न्हाई मिळणार रे. बॉयकॉट हाय तुमच्या गल्लीवर. तुझी पोरगी लातूरला शिकून राहिली ना? इचार तिला, इंग्रजी शब्द हाय."

रांगेतल्या बाया हसल्या. मी गुडघ्यावर बसून ज्वारी वेचली. दाणा न् दाणा. पन्नाशीला आलेला गवंडी मी. भिंत सुताभर कलली तरी पाडून पुन्हा बांधणारा.

गुन्हा एवढाच, यंदा पोळ्याला हलगी वाजवायला आम्ही नाही म्हटलं. दिवसभर वाजवायची आणि शेवटी वेशीबाहेर उभं राहून लांबून फेकलेली पोळी झेलायची. आज्यानं झेलली, बापानं झेलली, मीही झेलली. यंदा नाही. तेव्हापासून किराणा बंद, दूध बंद, आता गिरणी. सोमवारी ग्रामपंचायतीसमोर मी हात जोडायचे, मगच सगळं सुरू, असा गावाचा निरोप आला. गल्लीतले निम्मे म्हणाले, लेकरं लहान आहेत, माग माफी.

रविवारी पोरगी आली. तिला शब्द विचारला. स्पर्धा परीक्षेचं पुस्तक उघडून ती म्हणाली, "अप्पा, हे एका इंग्रजाचं आडनाव हाय. आयर्लंडात जमीनदाराचा कारभारी होता. कुळांना घराबाहेर काढू लागला. मग कुळांनी, गड्यांनी त्याचं काम सोडलं. दुकानदार माल देईनात. पीक रानात उभं. काढायला बाहेरून माणसं आणावी लागली, पहाऱ्याला पलटण."

"म्हणजे बॉयकॉट गरिबांनी त्याच्यावर टाकला?"

"हाव."

मी तिची वही ओढली. मोजलं. एकेचाळीस घरं. गावाच्या रानात सोयाबीन कापायला जाणारी माणसं एकशे बारा. रानात अजून चिखल, मशीन उतरत नाही.

संध्याकाळी घरोघर फिरलो. सदतीस घरं हो म्हणाली. चार अजून माफीचंच म्हणत होती.

सोमवारी ग्रामपंचायतीसमोर उभा राहिलो. हात जोडले नाहीत. म्हणालो, "हलगी बंद हाय. आजपासून इळा बी बंद."

कुणी हसलं नाही.

आमची मजुरी बुडणार आहे. मला ठाऊक आहे, हिशेब मीच केलाय. पण सोयाबीन पिवळं पडलंय. आठ दिवसांत शेंगा तडकतील. सांडलेलं त्यांनी वेचावं. दाणा न् दाणा. गुडघ्यावर बसून.