काउन्सेलिंगच्या दिवशीचा लझानिया

बायको शिक्षिका. हैदराबादला ट्रेनिंगला गेली होती, तेव्हा तिनं तिथं लझानिया हा थराथरांचा इटालियन पदार्थ खाल्ला आणि पुढं कितीतरी दिवस त्याचंच कौतुक करत राहिली. म्हणून तिच्या बदलीच्या काउन्सेलिंगच्या दिवशी मी रजा टाकून लझानिया करायला घेतला. काउन्सेलिंग म्हणजे नंबरानं एकेकाला बोलावून रिकाम्या शाळांतली एक निवडायला लावतात. खरं तर नुसतं घरात बसणं मला जमणार नव्हतं.

आमचं घर आदिलाबादला आणि तिची मराठी शाळा इचोड्याच्या पलीकडच्या एका खेड्यात. रोज दोन बस बदलून जायचं. या वेळी शहराजवळ एक जागा रिकामी झाली होती. इकडं तेलंगणात मराठी शाळांच्या जागा मुळातच थोड्या, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्या एका जागेवर. तिच्याच शाळेतली एक मैत्रीणही काउन्सेलिंगला गेली होती. आम्ही सगळेच तिला ताई म्हणतो. संध्याकाळी दोघींनी आमच्याकडेच जेवायचं ठरलं होतं.

लझानियाच्या पट्ट्या इथं कुठं मिळणार? मैदा मळून मीच लाटल्या. पहिल्या जाड झाल्या, नंतरच्या फाटल्या. एकीकडे टोमॅटोत कोंबडीचा खिमा रटरटत होता, दुसरीकडे दुधाच्या सॉसमध्ये गुठळ्या होत होत्या आणि मी पिठाच्या हातानं बायकोला फोन लावत होतो. बंद. काउन्सेलिंगच्या हॉलमध्ये फोन बंद ठेवायला लावतात हे माहीत होतं, तरी लावत होतो.

ओव्हन नव्हता. मोठ्या पातेल्यात वाळू तापवली, थर लावलेला डबा त्यात ठेवला आणि वर झाकण टाकलं. आता हातात काही काम उरलं नाही. मी गॅलरीत जायचो, आत यायचो, झाकण उचलायचो.

"सारखं झाकण काऊन काढून राह्यला?" माय म्हणाली. "अशानं शिजन का ते? बस ना एका जागी."

"बसवत नाही, माय."

तेवढ्यात खाली स्कूटी थांबली. ताई एकटीच वर आली. हातात पेढ्यांचा डबा होता, पण तो पुढं करावा की नाही हे तिला कळत नव्हतं.

"जयभीम, भाऊजी. तिचा नंबर यायचा होता अजून. माझा आधी लागला." ती थांबली. "जवळची शाळा मी घेतली."

"बरं झालं," मी म्हणालो आणि स्वयंपाकघरात गेलो. ओट्याला धरून उभा राहिलो. इतका राग आला होता की तिच्यासमोर थांबलो असतो तर काहीतरी बोलून बसलो असतो. बाहेर माय तिला म्हणत होती, "आण तो डबा इकडं. पेढे लपवतं काऊन, पोरी?"

बायको अंधार पडता पडता आली. नारनूरच्याही पुढचं, आधीपेक्षा लांबचं गाव मिळालं होतं. तिनं पाय धुतले, मायनं दिलेला पेढा खाल्ला आणि ताईशेजारी बसली.

"मले माफ कर," ताई म्हणाली.

"कायची माफी? नंबर तुमचा होता. तुमच्या जागी मी असती तर मीबी तेच घेतलं असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वाढा आता. भूक लागली."

लझानिया कडेला करपला होता आणि मध्ये पातळ राहिला होता. डावानं वाढावा लागला. मायनं दोन घास खाऊन भाकरी मागितली. बायकोनं मात्र दोनदा घेतला. हैदराबादच्यासारखा झाला का, हे विचारायचं मला सुचलंच नाही. ती समोर बसून जेवत होती आणि मी मनातल्या मनात नारनूरच्या बसचा हिशेब लावत होतो.

आता ती आठवडाभर तिकडंच खोली करून राहते. मायला दवाखान्यात न्यायचं असलं की ताई शाळा सुटल्यावर स्कूटी घेऊन येते, न बोलावता. मी चहा करतो, दोन शब्द बोलतो. मन पूर्ण निवळलंय असं नाही. पण तिची स्कूटी खाली थांबली की माय आधीच चपला घालून तयार असते.