घायपाताची बाटली

माझ्या लोखंडी कपाटात, शाळेतून निवृत्त होताना घरी आणलेल्या जुन्या पाठ्यपुस्तकांच्या मागे, एक दारूची बाटली आहे. गावात मला मास्तर म्हणतात, आणि मास्तराच्या घरात बाटली दिसणं बरं नव्हे, म्हणून ती पुस्तकांमागे. ती आली तेव्हा तिच्या तळाशी एक अळी होती. पांढुरकी, करंगळीच्या पेराएवढी, अंग दुमडून पडलेली.

बाटली माझ्या मित्राने आणली. आम्ही दोघं युसूफ वडगावच्या शाळेत एका वर्गात होतो. त्याच्या वडलांची मेंढरं होती, माझे वडील दोर वळायचे. बांधावरचा घायपात कापायचा, ओढ्यात कुजवायचा, ठेचून दोरासाठी त्याचा वाख, म्हणजे धागा, काढायचा, हे सगळं आम्ही दोघांनी केलेलं. त्या रसाने हात कोपरापर्यंत खाजायचे. पुढे मी डी.एड. करून गावालाच चिकटलो आणि तो मुंबईला जाऊन मालवाहू जहाजावर स्वयंपाकी झाला. नोकरी संपल्यावर दिवाळीनंतरच्या एका दुपारी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला आणि पिशवीतून बाटली काढून म्हणाला, "वळख बे, कशाची हाय?"

मी बूच काढून वास घेतला. धुरकट, काहीतरी हिरवं जाळल्यासारखा वास होता. मला काही ओळखता आलं नाही.

"घायपाताची हाय. मेक्सिकोच्या बंदरावर गेलतो, तिथून आणली. तिकडं त्याचा गड्डा खड्ड्यात घालून भाजत्यात आन त्याची दारू गाळत्यात. आपुन मातर येड्यावानी दोर वळत बसलो."

"मग ही अळी कावून?"

अळीची कहाणी त्याने दुपारभर पुरवली. ती घायपातातच जन्मते आणि तोच पोखरून खाते. कुणी म्हणतं तिच्यामुळे दारूला चव येते, कुणी म्हणतं ती खाल्ली की गड्याला जोर चढतो, कुणी म्हणतं डोळ्यांपुढे रंग नाचतात. बंदरावरच्या म्हाताऱ्या दुकानदाराने मात्र त्याला हसत सांगितलं होतं की हे सगळं गिऱ्हाईक भुलवायचं सोंग आहे. त्याच्या गावची माणसं अळ्या वाळवून मीठ-मिरचीत कुटतात, बाटलीत टाकत नाहीत. माझ्या मित्राने त्याचं ऐकून घेतलं आणि त्याला आवडलेल्या दोन गोष्टी तेवढ्या खऱ्या धरल्या. एक, शेवटचा घोट ज्याच्या वाट्याला येईल त्याने अळी खायची, त्याचं नशीब उघडतं. दुसरी, अळी शाबूत आहे तोवर दारू अस्सल. कुणी पाणी घातलं की अळी फुटते.

आम्ही बांधावर गेलो. मोसंबी सोलली, फोडींना मीठ-तिखट लावलं आणि स्टीलच्या छोट्या पेल्यांत एकेक पेला घेतला. मला ठसका लागला. तो पोट धरून हसला. मग बूच घट्ट लावत म्हणाला, "दरसाली येकयेक पेला. बाटली सरंस्तवर यीन."

त्याचे आईवडील कधीच गेले होते, जमीन विकून झाली होती, घर पडलं होतं. बायकापोरं पनवेलला. त्याला गावाकडे ओढणारं त्या बाटलीवाचून काही उरलं नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळलं.

बाटली आली त्याच्या दोन वर्षं आधी माझी बायको वारली. मुलगी लातूरला तिच्या संसारात आहे. दिवाळी झाली की आमचं गाव ऊसतोडीला जातं, आळीच्या आळी कुलूप लावून. मागे म्हातारी माणसं, कुत्री आणि मी राहतो. कधी कधी तीन तीन दिवस माझा आवाज माझ्याच कानावर पडत नाही. मी वर्षभर त्या एका दुपारची वाट बघायचो. हे त्याला कधी सांगितलं नाही, पण खरं तेच होतं.

दुसऱ्या वर्षी तो आला तेव्हा म्हणाला, आता एकेका पेल्याने काय होतंय. त्याचा हात मुळातच सैल, त्या दिवशी बाटली निम्म्यावर आली. त्याला बसमध्ये बसवून घरी आलो आणि बाटली उजेडात धरून बघितली. या हिशेबाने फार तर अजून दोन दिवाळ्या. मी पाणी उकळलं, गार केलं आणि वाटीभर बाटलीत ओतलं. आयुष्यभर पोरांना कॉपी करू दिली नाही, आणि साठीत स्वतः हा उद्योग. पुढे दरवर्षी तो गेला की एक वाटी.

तो चव घ्यायचा, मान हलवायचा आणि जहाजावरच्या गप्पा सुरू करायचा. चौथ्या वर्षी अळी फुगलेली दिसली. सहाव्या वर्षी दसऱ्यानंतर बाटली काढली तर आत गढूळ झालं होतं. अळीचे दोन तुकडे होऊन त्यांना कापसासारखे धागे सुटले होते.

मी कोयता घेऊन बांधावर गेलो. म्हटलं, आपल्याही घायपातात एखादी अळी असेल, ती टाकू. तीन झाडं गड्ड्यापर्यंत फोडली. काही निघालं नाही. हात मात्र कोपरापर्यंत खाजायला लागले, लहानपणी खाजायचे तसेच. मी तिथेच बसून हात खाजवत रडलो. बाटली फोडून टाकावी आणि हातातून पडली म्हणून सांगावं, असंही मनात आलं. पण बाटलीच नाही तर तो कशाला येईल?

तो आला. बांधावर बसल्यावर त्याने बाटली उन्हात धरली आणि बराच वेळ बघत राहिला. मी मोसंबी सोलत होतो, ती सोलतच राहिलो. त्याने माझा पेला भरला, स्वतःचा भरला. पुन्हा भरला.

"फुडच्या साली ठेव की थोडी," मी म्हणालो.

"आज सरवू."

शेवटचा पेला त्याने स्वतःकडे घेतला. अळीचे तुकडे त्यातच पडले. ते त्याने मोसंबीच्या फोडीबरोबर चावून खाल्ले, तोंड पुसलं आणि म्हणाला, "अस्सल हाय." मग पेले विसळले, रिकामी बाटली माझ्या हातात दिली आणि तो चारच्या बसने गेला. माझी चोरी त्याला कळली होती आणि त्याने ती गिळली होती. मला वाटलं, रागावला, म्हणूनच बाटली संपवून मोकळा झाला.

त्यानंतर वर्षभर त्याचा फोन नाही. मीही केला नाही. काय सांगून करणार होतो? ही दिवाळी झाली, गाव ऊसतोडीला गेलं, तो यायचा तो दिवसही गेला. त्या दिवशी मी दोन मोसंब्या आणून ठेवल्या होत्या. त्या सुकून गेल्या.

आठेक दिवसांनी दुपारी फोन वाजला. तोच होता.

"पाऊस झाल्ता का?"

"झाल्ता."

"बाटली फेकली न्हाईस ना?"

"न्हाई."

"मग पाणी भरून ठेव बे. तिसऱ्या सालापासून पाणीच तर पीत आलोय आपुन."

मी विचारलं, कधी येतोस. गुडघे लई दुखत्यात, म्हणाला, पोरगं एकट्याला बसमध्ये बसू देत न्हाई. बघू. आणि फोन ठेवला.

मी पाणी उकळलं, गार होऊ दिलं, बाटली धुतली. एरवी एक वाटी घालायचो. या वेळी गळ्यापर्यंत भरली.