वासराएवढा लांडगा

“खाले उतर! सुभ्या, खाले उतर! सांगीसन जाय, लांडगा व्हता का कोल्हा?”

साक्रीच्या बसस्टँडवर दगडूनाना ओरडत होते, आणि असे ओरडत होते की जळगाव गाडीच्या ड्रायव्हरने स्टेअरिंग सोडून कानांत बोटं घातली, भजीवाल्याची भजी कढईतल्या कढईत उलटी झाली आणि पार नंदुरबारपर्यंतची पाखरं झाडं सोडून गेली. बरं, पाखरांचं सोडा. पण नाना ओरडत होते हे खरं, आणि माझ्याच खिडकीखाली उभे राहून ओरडत होते हेही खरं. आमच्या गावाहून पायी आले होते. हातात काठी, एका चपलेचा अंगठा तुटलेला. मी खिडकीची काच ओढली. एसटीची काच ती, अर्ध्यावर अडकली. अर्ध्या काचेतून नानांचा आवाज पुरता आत येत होता.

“एक शबद बोल! हा का नही?”

मी मांडीवरच्या डब्याकडे बघत बसलो. गाडी सुटली. जळगावात हा प्रसंग सांगताना मी त्यात हार घालणारी दहा माणसं आणि एक बँड घालतो. इथे घालत नाही. जे गावात राहिले आणि जे माझ्यासारखे निघून आले, त्या दोघांनीही हे वाचावं म्हणून लिहितोय, आणि त्यातल्या निम्म्यांनी तो बँड न वाजलेला स्वतः ऐकलाय.

दगडूनाना आमच्या शिवारात मेंढ्या बसवायचे. सुगी संपली की त्यांचा कळप रोज एकेका शेतात मुक्कामाला बसायचा. लेंडीखत शेताला, बदल्यात धान्य नानांना. गाव त्यांचं नव्हतं, पण माझ्या जन्माआधीपासून ते येत होते. म्हणजे त्या मातीवर माझ्यापेक्षा त्यांचा हक्क जुना.

त्या वर्षी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुपारी मला शेळ्या राखायला बसवलं. कॉलेजात दोनदा नापास झालेल्या बावीस वर्षांच्या घोड्याला दुसरं काय काम देणार? शेळ्यांत नवसाला सोडलेलं एक करडू होतं. मी बाभळीखाली आडवा झालो आणि झोपलो. जाग आली ती करडाच्या ओरडण्याने. आता इथून पुढचं मी आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहितोय. करडू नेणारं जनावर कोल्हं होतं. बारकं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं. ढेकूळ फेकलं असतं तरी करडू टाकून पळालं असतं. ओढ्यापलीकडे थांबून त्याने मागे पाहिलं. मी ढेकूळ शोधत होतो की चप्पल, ते आठवत नाही. तेवढ्यात ते गेलं.

कोल्ह्याला आमच्याकडे बायका सूप वाजवून हाकलतात. आबांच्या पोराच्या समोरून कोल्ह्याने नवसाचं करडू उचललं, हे पसरलं असतं तर मला साक्री तालुक्यात पोरगी मिळाली नसती. म्हणून घरी पोचेपर्यंत मी त्याचा लांडगा केला. दारात तो कुत्र्याएवढा होता. जेवणापर्यंत वासराएवढा झाला. दुसऱ्या दिवशी पाराजवळ त्याचे डोळे ट्रॅक्टरच्या दिव्यांसारखे पेटले, आणि चौथ्या दिवशी तो एकटा राहिला नाही, त्याच्यामागे पाच जणांची टोळी आली आणि टोळीचा म्होरक्या एका पायाने लंगडत होता. लंगडं पाऊल मी स्वतः चालून दाखवायचो. शाळेत सगळ्यांना शिकवतात त्या गोष्टीत लांडगा आला म्हणून कितीही ओरडलं तरी शेवटी गाव येत नाही. माझं गाव पहिल्या हाकेला आलं. अडचण तिथेच झाली.

पारावर सभा बसली. “औषध टाका, बठ्ठा मरतीन,” म्हणजे सगळेच मरतील, हे भिकाभाऊंचं मत. त्यांच्या मक्याला लागून ओढा. वनखात्याचा माणूस सांगून गेला होता की जनावर मारणं गुन्हा आहे, त्यावर भिकाभाऊ म्हणाले, “मंग त्यानं करडू आनी देवो.” माझी आत्या, गावाची अक्का, बाया बसतात त्या कडेने बोलली, “लांडगा असो का कोल्हं असो, त्या आपलापयले आठे शेतस. उंदरं कोन खास, तुन्हा सासरा?” ते आपल्याआधीपासून इथले आहेत, हे तिचं म्हणणं. पार हसला, पण औषध टाकायचं ठरत चाललंच होतं.

मग नाना उठले. ते ओढ्याकाठी माग बघून आले होते. “हाऊ लांडगाना माग नही. कोल्हाना शे. मी जलमभर मेंढ्या राखी राहिनू, माले माग कळस. कोल्हाकरता काय औषध टाकतस?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. करडाबद्दलची लाज झाकायला मारलेली थाप तेव्हाही गिळता आली असती. मी म्हणालो, “नाना, मी सोता दखं. माग पुसाई ग्या व्हतीन.” आणि आबांनी भर पारावर माझी बाजू घेतली. “मन्हा आंडोर बडबड्या शे, पन पोटमा काही ठेवत नही.” आबांनी आपल्या आंडोराला, म्हणजे मुलाला, दिलेलं ते एकुलतं एक प्रमाणपत्र. तेही असं.

करडाचं उरलेलं मांस सापडलं होतं, त्यातच कपाशीवर मारायचं औषध कालवून ओढ्यात टाकलं. तिसऱ्या दिवशी दोन जनावरं पडलेली सापडली. एक कोल्हीण. तिचे सड दुधाने तटतटलेले होते. दुसरी नानांची कुत्री, गंगी. कळपाभोवती रात्रंदिवस फिरणारी ती एकच होती त्यांच्याकडे. मला वाटलं, आता तरी सुटलो. कोल्ह्याचं मढंच समोर आहे. पण माझी गोष्ट माझ्यापेक्षा हुशार निघाली. भिकाभाऊ म्हणाले, “लांडगा चालाख शे, तो कसाला खाई? ह्या बिचारा मधमा मरी ग्यात.” लोकांनी माना डोलवल्या. ओढ्याच्या कपारीतून पिल्लांचा आवाज चार दिवस येत होता. पाचव्या दिवशी आला नाही. यात मी एकही दिवस वाढवलेला नाही.

आणि लांडगा तर अजून मोकळाच होता. तो कुठून आला, यावर पुन्हा सभा. लांडगा मेंढरांच्या मागे येतो, हे कुणीही सांगेल. मेंढरं नसतील तर लांडगा नसेल. नानांना सांगण्यात आलं की यंदापासून आमच्या शिवारात मेंढ्यांचा वाडा बसवू नका. आजूबाजूच्या गावांनीही तेच सांगितलं, कारण तोवर माझा लंगडा म्होरक्या त्यांच्याकडेही जाऊन आला होता. नाना आमच्या घरी तीनदा आले. मी तीनदा मागच्या दाराने गेलो. चौथ्यांदा ते साक्रीच्या स्टँडवर आले.

त्यांना करडाची किंमत नको होती, गंगीची नको होती. एक शब्द हवा होता, म्हणजे शेतं पुन्हा उघडली असती.

जळगावात पिंप्राळ्यात मी मोटार रिवाइंडिंगचं काम शिकलो, मग स्वतःचं दुकान टाकलं. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तांब्याची तार उपसायची, नवी भरायची. केळीवाल्या शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी उन्हाळ्यात अशा जळतात की सगळा जिल्हा माझ्याच दारात उभा असतो. (निम्मा. बरं, पंधरा-वीस माणसं.) थांबलेल्या गिऱ्हाइकाला चहा आणि लांडगा, दोन्ही फुकट. लोक मोटार चांगली असली तरी गोष्टीसाठी येऊन बसतात. माझी बायको रेखा एरंडोलची, ती आतून म्हणते, “तुमचा लांडगा परवा वासराएवढा होता, आज म्हशीएवढा झाला. त्याला चारा कोण घालतं?”

श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जेवणाला, आम्ही गावी जातो. सगळी भावकी एका चुलीवरचं खाते. पुरण चांगलं असतं, माझ्या घशाखाली उतरतं, खोटं कशाला बोलू. पण जेवून उठलो की मी ओढ्याकडची वाट टाळून मागच्या बाजूने फिरतो. नानांच्या मेंढ्या जिथे बसत त्या शेतात आता खताच्या गोण्या रचलेल्या असतात. नानांनी कळप विकला, रावेरकडे कुणाच्या केळीच्या बागेत राखणीला राहिले, एवढं कळलं होतं. म्हणजे गाव आम्ही दोघांनी सोडलं. मी पोट भरायला सोडलं, असं सांगतो. त्यांनी का सोडलं, हे सांगायचं काम माझं होतं. जिथे माझी थाप खरी धरून लोकांनी जगायची रीत बदलली, त्या जागेला मी घर म्हणतो, आणि तिथे मला सगळे अजून “लांडगा दखेल माणूस”, म्हणजे लांडगा पाहिलेला, म्हणून हाक मारतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीमागे, जिथे प्लॉट संपतात आणि बाभळी सुरू होतात, तिथे कोल्हे दिसायला लागले. कॉलनीच्या ग्रुपवर युद्ध पेटलं. एक म्हणे पिंजरा लावा, एक म्हणे लहान मुलं आहेत, मारून टाका, एका मॅडमनी लिहिलं की ते आधीपासून इथेच आहेत, कॉलनी नंतर आली. मग कुणीतरी लिहिलं, “सुभाषभाऊंना विचारा, त्यांनी लांडगा पाहिलाय.” मी एवढंच टाकलं, “कोंबडीचा कचरा उघड्यावर टाकू नका, औषध तर मुळीच टाकू नका.” का, ते लिहिलं नाही. बावीस जणांनी अंगठे दिले.

आणि मग या मेमध्ये, भर दुपारी, दोन केळीवाले बाकावर बसलेले, मी लंगड्या म्होरक्याचं चालणं चालून दाखवत होतो. दारात लोडिंग रिक्षातून मोटार उतरवून एक म्हातारा उभा होता. गोष्ट संपली, लोक हसले, मी वळून म्हणालो, “तुमची मोटार कुठली, बाबा?”

“रावेरकडनी,” नाना म्हणाले. केस पांढरे, आवाज अगदी खाली उतरलेला. त्यांनी पहिल्यापासून ऐकलं होतं.

मी त्यांची मोटार ओढून आत घेतली. बाकावरचा एक केळीवाला सहज म्हणाला, “बाबा, तुमच्या बागेत पण कोल्हे असतील. आमच्या तर ठिबकच्या नळ्या चावतात. औषध टाकता का?”

“मालक म्हने, टाक,” नाना म्हणाले. “मी बांधवर घमेलामा पानी भरी ठेवस. तहान लागनी म्हनीसन त्या नळी चावतस. पानी भेटनं का कसाला चावतीन?”

मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. मग बाकावरच्या दोघांच्या देखत म्हणालो, “नाना, ते कोल्हंच होतं. मी झोपलेलो होतो. माग तुम्ही बरोबर ओळखला होता.”

माझ्या तोंडून निघालेली एवढी लहान गोष्ट जळगाव जिल्ह्यात कुणी ऐकली नसेल. केळीवाल्यांचं हसू तसंच राहून गेलं. आत रेखाने मिक्सर बंद केला. नानांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप काउंटरवर ठेवला.

“बाग सुकी राहिनी,” ते म्हणाले. “मोटार सांजलोंग भेटी का?”